झाडावर की अढीत : टोमॅटो आणि टोमॅटिलो पिकवण्याविषयी एक संवाद

परसबागेतील फळ नेमके केव्हा तोडावे हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघराचा वाटतो. परंतु टोमॅटोच्या बाबतीत त्यात वनस्पतीचे अंतर्गत रसायन, त्या त्या ठिकाणचे हवामान आणि चवीविषयीचे पिढीजात आग्रह एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते सुटे केल्याशिवाय कोणतेही उत्तर पुरे पडत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू जर्सी राज्य या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे. तेथील रटगर्स विद्यापीठाने १९३४ मध्ये प्रसृत केलेले ‘रटगर्स’ हे वाण अनेक वर्षे डबाबंद टोमॅटो आणि सूप यांच्या उद्योगाचा आधार होते, त्यामुळे टोमॅटोविषयीचा अभिमान तेथे घरोघरी आढळतो. शिवाय एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मागील अंगणात मेथी-कोथिंबिरीच्या जोडीला टोमॅटो लावतात, आणि रोपवाटिकेत शेजारीच मिळते म्हणून काही जण टोमॅटिलोचे, म्हणजे कागदी आवरणात वाढणाऱ्या मेक्सिकोच्या आंबट हिरव्या फळाचे, रोपही घरी आणतात.

या प्रदेशाच्या मध्य भागात वसंतातील शेवटचा हिमतुषार, म्हणजे रात्री पारा गोठणबिंदूला टेकल्याने पानांवर धरणारा बर्फाचा थर, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत संभवतो, आणि शरदातील पहिला ऑक्टोबरच्या मध्यास किंवा अखेरीस येतो. रोपाला उघड्यावर जेमतेम पाच महिने मिळतात. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील शेतकऱ्याला खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत टोमॅटो घेता येत असल्यामुळे ‘झाडावर राहिलेल्या हिरव्या फळांचे करायचे काय’ हा प्रश्न त्याला क्वचितच सतावतो. न्यू जर्सीत तो दरवर्षी ठरलेल्या वेळी दारात उभा असतो.

पुढील संवाद अशाच एका अंगणात कल्पिलेला आहे. त्यातील मामा जुन्नर तालुक्यात आयुष्यभर टोमॅटो पिकवून आता काही महिने भाचीकडे राहण्यास आलेले गृहस्थ असून भाची वनस्पतींच्या जीवरसायनशास्त्राची अभ्यासक आहे. वादाचे निमित्त ऑगस्टमधील एक टोपली आहे. भाचीने तोडून आणलेल्या त्या टोपलीत एकही लालभडक फळ नाही. बहुतेक फळे हिरवट पांढुरकी असून प्रत्येकाच्या बुडाशी, म्हणजे जेथून फूल गळून पडलेले असते त्या टोकाशी, गुलाबी छटेची एक चांदणी तेवढी उमटलेली आहे.

मामा : अगं, असे तोडणे बाजाराच्या शेतकऱ्याला शोभते. माल दिल्लीला जायचा असला की आपल्याकडेही असाच तोडतात, कारण ट्रकमध्ये दोन-तीन दिवस काढून तो तिथे लाल होऊन उतरला पाहिजे. जवळच्या बाजाराला जायचा असला तर गुलाबी किंवा लाल तोडतात. तुझा टोमॅटो अंगणातून ओट्यापर्यंत जाणार. ज्याला ट्रकमध्ये चढायचेच नाही, त्याला ट्रकची शिक्षा कशासाठी?

भाची : शिक्षा कसली, मामा? झाडावर व्हायचे ते त्याचे बहुतेक काम उरकले आहे. काही फळांत पिकण्याच्या आरंभी श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो आणि इथिलीन नावाचा वायू फळ स्वतःच तयार करू लागते. या वायूच्या इशाऱ्याने हरितद्रव्य मोडते, भिंती मऊ पडतात, आम्लता उतरते आणि वास भरू लागतो. अशा फळांना क्लायमॅक्टेरिक म्हणजे श्वसनाची उसळी घेणारी फळे म्हणतात. केळे, आंबा, चिकू आणि टोमॅटो त्यांत येतात. द्राक्ष, संत्रे आणि लिंबू येत नाहीत, म्हणून कच्चे तोडलेले द्राक्ष घरात कितीही ठेवले तरी आंबटच राहते. गुलाबी चांदणी दिसली याचा अर्थ उसळी सुरू झाली आहे आणि ती आता झाडाच्या परवानगीवाचून पुढे जाणार आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने टोमॅटोच्या रंगावरून सहा अवस्था ठरवलेल्या आहेत, आणि त्या घरगुती बागेतही उपयोगी पडतात. पहिली पक्व हिरवी अवस्था होय, ज्यात फळ पूर्ण वाढलेले परंतु बाहेरून अजून हिरवे असते. रंग फुटला की दुसरी अवस्था सुरू होते, पण तो सालीच्या १० टक्क्यांहून अधिक भागावर नसतो. पुढे ३० टक्क्यांपर्यंत वळती, ६० टक्क्यांपर्यंत गुलाबी, ९० टक्क्यांपर्यंत फिकट लाल, आणि त्यानंतर लाल. यांपैकी पहिली अवस्था ओळखणे सर्वांत कठीण असते, कारण पक्व हिरवे फळ आणि कोवळे हिरवे फळ दुरून सारखेच दिसतात.

मामा : त्यात कठीण काय आहे? एक फळ आडवे चिरायचे. सुरीखाली बी कापले गेले तर माल कोवळा; बी बुळबुळीत गरात निसटून बाजूला सरले तर माल तयार. शिवाय तयार फळाची हिरवी कातडी जरा पांढुरकी पडते, त्याला तकाकी येते. कोवळे फळ घरात ठेवले तर ते लाल होण्याआधी सुकते, आणि चुकूनमाकून लाल झालेच तर चवीला पाणी.

मामांच्या या कसोटीमागील कारण असे की टोमॅटो आतून बाहेर पिकतो. बियांभोवतीच्या कप्प्यांतील गर प्रथम जेलीसारखा होतो, तोच आधी रंग धरतो, आणि भिंतीपर्यंत व कातडीपर्यंत ही प्रक्रिया नंतर पोचते. त्यामुळे बाहेर चांदणी दिसेपर्यंत आत बरेच काही घडून गेलेले असते.

भाची : मग तुम्हीच सांगा, हापूस झाडावर पिकेपर्यंत तुम्ही कधी ठेवला आहे? पाड लागला, म्हणजे झाडावरचे पहिले एखाददुसरे फळ आपोआप पिकून पडले, की बाकीचे झेल्याने उतरवायचे आणि पेंढ्याच्या अढीत घालायचे, हे तर आजोबांपासून चालत आले आहे. उलट झाडावर फार काळ राहिलेल्या हापूसमध्ये साका होण्याचा, म्हणजे गर पांढरट व स्पंजासारखा होऊन नासण्याचा, धोका वाढतो. बुडाची गुलाबी चांदणी हा टोमॅटोचा पाडच आहे. आंब्याला जो न्याय, तो टोमॅटोला का नाही?

मामा : कारण अढीतला आंबा खाऊन माणूस तृप्त होतो, आणि टोपलीतला टोमॅटो खाऊन होत नाही. न्याय जिभेवर ठरतो.

या ठिकाणी मामांच्या मताला लिखित पुराव्याचा आधार मिळतो, आणि तो भाचीलाच मांडावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत एडेल केडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या अवस्थांत तोडून नंतर २० अंश सेल्सिअसला पिकवलेल्या टोमॅटोंची चव परीक्षकांकडून तपासण्यात आली; त्यात आधीच्या अवस्थांत तोडलेली फळे, पूर्ण पिकल्यावर तोडलेल्या फळांच्या तुलनेत, कमी गोड, अधिक आंबट आणि कमी ‘टोमॅटोच्या’ चवीची ठरली. बागकामाच्या अनेक पुस्तकांत असे ठासून लिहिलेले असते की रंग फुटताच देठाशी पेशींचा थर तयार होतो, झाडाचा पुरवठा बंद होतो आणि म्हणून त्यानंतर फळ कोठेही पिकले तरी फरक पडत नाही. हे विधान सोयीचे असले तरी जास्तच ठोकळेबाज आहे. झाडाकडून फळात येणारी साखर या सुमारास मंदावते, परंतु नळ बंद करावा तशी ती एका दिवसात थांबत नाही.

भाची : म्हणजे मामा, चवीच्या मुद्द्यावर तुमचे म्हणणे मान्य. पण ते मान्य करायचे तर एक अट आहे : फळाला झाडावर चांगले दिवस मिळायला हवेत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथे ते मिळत नाहीत.

ही अट किरकोळ नाही, आणि घरगुती बागेच्या दृष्टीने खरा वाद तिच्यातच आहे. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्यामुळे येतो. ते साधारण २० ते २५ अंश तापमानात उत्तम तयार होते आणि तापमान ३० अंशांच्या वर राहिले की त्याची निर्मिती अडखळते; पिवळ्या-नारिंगी छटेची कॅरोटिन मात्र अशा उष्णतेतही बनत राहतात. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात पारा ३२ अंशांपलीकडे वारंवार जातो, आणि उन्हात टांगलेले फळ भोवतालच्या हवेहूनही अधिक तापते. परिणामी झाडावरचे फळ मऊ पडते पण लाल होत नाही, देठाजवळचे खांदे पिवळे व कडक राहतात, आणि पानांची सावली गेलेल्या बाजूला भाजल्यासारखा पांढरा चट्टा पडतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातील टोमॅटो लालऐवजी नारिंगी का दिसतो, याचे उत्तरही हेच आहे. अशा आठवड्यांत रंग फुटलेले फळ तोडून २२-२३ अंशांच्या खोलीत ठेवल्यास त्याला झाडावर मिळाला नसता असा सारखा लाल रंग मिळतो.

मामा : रंग मिळेल. पण मग खिडकीत उन्हाला का मांडून ठेवत नाहीस? सगळ्या अमेरिकन घरांच्या खिडक्यांत टोमॅटोची रांग दिसते.

भाची : ती रांग शोभेची. फळाला पिकायला उजेड लागत नाही, पानांना लागतो. काचेमागच्या उन्हाने एक बाजू तापते आणि पुन्हा तोच नारिंगी प्रकार होतो. टोपलीत एकावर एक न रचता, देठाची बाजू खाली करून, एका थरात, सावलीत ठेवायचे आणि रोज एकदा हात फिरवायचा. खोली विशीतल्या तापमानाची असली तर चांदणीपासून लाल व्हायला साधारण आठवडा लागतो. तळघरात १३ अंशांच्या आसपास ठेवले तर दोन-तीन आठवडे. घाई असेल तर कागदी पिशवीत एक पिकलेले केळे ठेवायचे, त्याचे इथिलीन पुरते.

मामा : आपल्याकडे काही ठिकाणी पावडर टाकतात.

ही पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड होय. ओलावा लागताच तिच्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो. परंतु बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात, म्हणून फळे पिकवण्यासाठी तिच्या वापरास भारतात कायद्याने बंदी आहे, आणि व्यापारी पिकवण-खोल्यांना इथिलीन वायू मर्यादित प्रमाणात वापरण्याची मुभा आहे. घरात एका केळ्याने होणाऱ्या कामासाठी यातील कशाचीच गरज नाही.

टोमॅटोच्या चवीचा खरा शत्रू मात्र कार्बाइडपेक्षाही सभ्य दिसतो आणि प्रत्येक घरात असतो. फ्रिजमध्ये ५ अंशांना आठवडाभर ठेवलेल्या पिकलेल्या टोमॅटोंतील सुगंधी द्रव्ये मोठ्या प्रमाणात घटतात, आणि बाहेर काढून ठेवल्यावरही ती पूर्ववत होत नाहीत, असे फ्लोरिडा व कॉर्नेल येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. साखर व आम्ल जवळजवळ तेवढेच राहतात, पण वास बनवणारी जनुके थंडीने मंदावतात. टोमॅटोची चव जिभेपेक्षा नाकाने अधिक कळत असल्यामुळे असे फळ पाणचट लागते. पूर्ण लाल होऊन नासण्याच्या बेतात असलेले फळ फ्रिजमध्ये टाकणे हा नाइलाज समजावा. रंग फुटत असलेले फळ तेथे ठेवणे ही सरळ चूक होय.

मामा : तरीही एक गोष्ट तू सांगत नाहीस. पूर्वीचा गावठी टोमॅटो, चपटा, धारा असलेला, पातळ सालीचा, देठाशी गडद हिरवा, तो झाडावर पिको की टोपलीत, सार केले तर घरभर वास सुटायचा. हे तुझे गोल गोल संकरित वाण झाडावर महिनाभर ठेवले तरी तसे होणार नाही.

भाची : हे तर अगदी बरोबर आहे, आणि त्याचे एक कारण आता कळले आहे. देठाजवळची ती गडद हिरवी टोपी व्यापाऱ्यांना नको होती, कारण ती उशिरा लाल होते. म्हणून गेल्या शतकात कच्चेपणी एकसारखी फिकट हिरवी दिसणारी फळे निवडली गेली. २०१२ मध्ये असे सिद्ध झाले की ज्या जनुकाच्या बिघाडामुळे ही एकसारखी छटा येते, तेच जनुक फळातील हरितद्रव्याचा साठा वाढवत असते. फळ स्वतःही थोडी साखर तयार करते, आणि तो साठा गेला की ती थोडीशी साखरही जाते. दिसण्यासाठी गोडीवर पाणी सोडले, असे म्हणा.

वाणाचा मुद्दा निघाल्यावर लागवडीचा विषय टाळता येत नाही, तरी त्यात वादाला फारशी जागा नाही. घरासाठी वाण निवडताना ते ठराविक उंचीवर थांबणारे आहे की शेंडा सतत वाढवणारे आहे एवढे पाहिले तरी पुष्कळ होते : पहिल्याची फळे थोड्या दिवसांत एकदम येतात, दुसऱ्याला बांबू, सुतळी आणि पानांच्या बेचक्यांतून निघणारी बगलफूट वेळच्या वेळी खुडणे आवश्यक असते. महाराष्ट्रातील परसबागेसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची धनश्री व भाग्यश्री ही वाणे आणि बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का रक्षक हे संकरित वाण परिचित आहेत. बुडाला काळा खोलगट डाग पडणे हे रोगाचे लक्षण नसून पाण्याच्या अनियमिततेमुळे फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, न पोचल्याचे लक्षण असते; भरपूर पावसानंतर तडकणारी फळेही याच अनियमिततेचा दुसरा परिणाम आहेत. झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन घालून सारखी ओल राखणे हा दोन्हींवर उपाय होय. दिवसा ३५ अंशांच्या आसपास आणि रात्री २४ अंशांच्या वर तापमान राहिल्यास परागकण निकामी होऊन फूलगळ होते, त्यावर मात्र कोणतीही फवारणी चालत नाही, थांबावेच लागते.

सप्टेंबरमध्ये वादाचा विषय बदलतो. वाफ्याच्या कडेला लावलेली टोमॅटिलोची दोन झुडपे आता टोमॅटोच्याही अंगावर पसरली आहेत, आणि त्यांच्या फांद्यांना हिरव्या कंदिलांसारखी शेकडो आवरणे लोंबत आहेत.

मामा : ही तर आपली चिरबोटी. पावसाळा सरता सरता बांधावर आपोआप उगवते, पोरे फोडून खातात. फक्त याचे फळ केवढे मोठे! आता ही पिवळी होऊन खाली पडू देत, मग वेचू.

भाची : गोत्र तेच, पण रीत वेगळी. चिरबोटी आणि रसभरी पिकूनच खायची. टोमॅटिलो मात्र मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात हिरवाच हवा असतो, कारण त्याचे मोल त्याच्या आंबटपणात आहे. पिवळा झाला की तो गोडसर आणि मिळमिळीत होतो. भाजून किंवा उकडून, हिरवी मिरची, कांदा, लसूण आणि कोथिंबीर घालून त्याची जी हिरवी साल्सा करतात, ती पिवळ्या फळांची करून पाहा, जीव नसतो तिच्यात.

टोमॅटिलो, चिरबोटी आणि रसभरी ही तिन्ही फायसॅलिस या प्रजातीची असून, फूल गळाल्यावर त्याचा हिरवा पेला फुगून फळाभोवती बंद होणे ही या प्रजातीची खूण होय. ही खूण अतिशय प्राचीन आहे : अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया भागात सापडलेला अशाच कंदिलाचा सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा जीवाश्म २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टोमॅटो व टोमॅटिलो मात्र नावात व चुलीवर जितके जवळचे वाटतात तितके बागेत नाहीत, आणि नवख्या माणसाची फसगत येथेच होते. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून गच्चीवरच्या एका कुंडीतील एकटे झाडही फळांनी लगडते. टोमॅटिलोचे झाड स्वतःचा पराग नाकारते. शास्त्रात या गुणाला स्व-असंगती म्हणतात; त्यामुळे बियांपासून आलेली निदान दोन वेगवेगळी रोपे जवळजवळ असावी लागतात आणि त्यांच्यामध्ये मधमाश्यांची ये-जा व्हावी लागते. एकाच झाडाच्या फांदीपासून तयार केलेले दुसरे रोप येथे उपयोगाचे नसते, कारण ते पहिल्याचीच प्रत असते.

मामा : ते ठीक. पण मग तू परवा तोडलेल्या कंदिलांत वाटाण्याएवढी फळे का निघाली? हिरवे हवे म्हणून काय कोवळे तोडायचे? बी तरी धरले होते का त्यांत?

भाची : त्यात घाई झाली खरी. या झाडात आवरण आधी पूर्ण फुगते आणि फळ मागाहून त्यात भरत जाते, म्हणून बाहेरून मोठा दिसणारा कंदील आत पोकळ असू शकतो. चिमटीत हलके दाबून पाहायचे. आत हवा लागली तर ठेवायचा, फळ भिंतीला घट्ट भिडलेले लागले आणि आवरण बुडाशी तडकू लागले किंवा पिवळटले की तोडायचा.

या प्रसंगी दोन्ही पक्षांच्या भूमिका नीट तपासल्यास असे दिसते की मामा प्रत्येक फळाला ‘पिकू दे’ म्हणतात आणि भाची प्रत्येक फळ ‘आधी तोड’ म्हणते, परंतु पूर्ण वाढ आणि पिकणे या दोन स्वतंत्र घटना आहेत हे दोघांपैकी प्रत्येक जण एकेकदा विसरतो. फळाने आकार, बी आणि साठा पुरा करणे ही पूर्ण वाढ. त्यानंतर रंग, मऊपणा, वास आणि गोडी येणे हे पिकणे. पूर्ण वाढ केवळ झाडावरच होऊ शकते आणि तिला पर्याय नाही. पिकणे टोमॅटोत झाडाबाहेरही होते व हवेसे असते, तर टोमॅटिलोत ते नकोसे असते. म्हणूनच टोमॅटोला वर्ज्य असलेला फ्रिज टोमॅटिलोला चालतो : आवरण न सोलता, कागदी पिशवीत ठेवलेली फळे दोन-तीन आठवडे हिरवी व करकरीत राहतात. आवरण सोलल्यावर बोटांना लागणारा चिकट, किंचित साबणासारखा थर हा कीटकांपासून संरक्षण करणाऱ्या द्रव्यांचा असतो, तो कोमट पाण्याने धुऊन टाकावा; आवरण आणि पाने मात्र खाण्याची नव्हेत. साल्सा गार झाल्यावर घट्ट होते ती या फळातील भरपूर पेक्टिनमुळे, आणि मराठी स्वयंपाकघरात याच गुणामुळे टोमॅटिलोची शेंगदाण्याच्या कुटाची चटणी पाणी सोडत नाही.

ऑक्टोबर जवळ येतो तसा वाद व्यवहाराकडे झुकतो. टोमॅटोच्या फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत, वाण व हवामान यांनुसार, सुमारे दीड ते दोन महिने लागतात आणि गारव्यात त्याहूनही अधिक. तेव्हा ऑगस्टअखेरीनंतर उमललेल्या फुलांचे फळ हिमतुषारापूर्वी हाती येण्याची आशा नसते.

मामा : मग त्या फुलांचा मोह सोडायचा. शेंडे खुडायचे, नवी फुले काढून टाकायची, पाणीही कमी करायचे, म्हणजे झाड आहे त्या फळांकडे वळते. द्राक्षबागेत आणि टोमॅटोत हे सारखेच. आणि शेवटच्या रात्रीपर्यंत फळ झाडावरच ठेवायचे.

भाची : शेंडे खुडण्याचे मान्य, अगदी सप्टेंबर लागताच. पण शेवटच्या रात्रीपर्यंत नको, मामा. गोठण्याआधीच, रात्री १० अंशांच्या खाली जाऊ लागल्या की फळाला थंडी बाधते. असे फळ नंतर घरात आणले तरी डागाळते, सडते, चव धरत नाही. तुमच्या जुन्नरला थंडीतल्या रात्री अशा येतात, पण दिवस पुन्हा तापतात. इथे ऑक्टोबरात दिवसही गारच राहतात.

या मुद्द्यावर भाचीची बाजू निर्विवादपणे बरोबर आहे. गार रात्रींची मालिका सुरू झाली की झाडावर पिकवण्याच्या आग्रहाला आधार उरत नाही, कारण ज्या चवीसाठी तो आग्रह धरायचा तीच चव थंडी नष्ट करते. त्याचप्रमाणे जून-जुलैच्या सौम्य आठवड्यांत आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धात, जेव्हा दिवस पंचविशीत असतात आणि पाऊस फारसा नसतो, तेव्हा मामांचे म्हणणे शिरोधार्य मानून फळ निदान फिकट लाल होईपर्यंत झाडावर राहू द्यावे. भर उन्हाळ्यात, मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी, आणि खारी किंवा ग्राउंडहॉग यांनी बाग हेरली असल्यास रंग फुटताच तोडावे. मधली गुलाबी अवस्था ही बहुतेक घरांना मानवणारी तडजोड होय, कारण तोवर झाडाकडून यायचे ते बरेचसे आलेले असते आणि तडकण्याचा व चोरीचा धोका अजून वाढलेला नसतो.

हंगामाच्या अखेरीस उतरवलेल्या फळांची वर्गवारी मामांच्या सुरीने करावी. ज्यांत बी निसटते अशी पक्व हिरवी फळे एका थरात, वर्तमानपत्राच्या कागदात सुटी सुटी गुंडाळून, खोक्यात ठेवावीत आणि दर दोन-तीन दिवसांनी नासकी वेगळी काढावीत. ती टप्प्याटप्प्याने पिकून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुरतात, मात्र त्यांच्याकडून ऑगस्टच्या चवीची अपेक्षा करू नये, ती सारासाठी आणि आमटीसाठी ठीक. ज्यांत बी चिरले जाते ती कोवळी फळे पिकवण्याच्या खटाटोपात पडूच नये. कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन हे किंचित कडवट द्रव्य असते व ते पिकताना कमी होते. भाजीत किंवा चटणीत नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास त्याने बाधत नाही, आणि हिरव्या टोमॅटोची तीळ घालून केलेली चटणी किंवा गूळ व दाण्याचा कूट घातलेली भाजी मराठी घरांना नवी नाही.

टोमॅटिलोची जमिनीवर पडलेली पिवळी फळे वेचली नाहीत तर त्यांतील बी हिवाळा मातीत काढते आणि पुढील मेमध्ये वाफाभर रोपे आपोआप उगवतात. ती बहुतेक उपटून टाकावी लागतात, पण निदान दोन ठेवावीत. एकच ठेवले तर फुले येतील, फळ धरणार नाही.